चीनचा मासा, भंडाऱ्याचा तलाव

शहापुरात लेकीच्या वाढदिवसाला अख्खा गवत्या वाफवला : वर आले, पातीचा कांदा, सोया सॉस, शेवटी कडकडीत तेल. कृती चिनी, मासाही मूळचा चीनचाच. गवत्या म्हणजे ग्रास कार्प. तो 1959 साली भारतात, कटकला आणला गेला. पुढे मत्स्यबीजाबरोबर भंडाऱ्याच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत पोचला. हे तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. त्यांतली मासेमारी ढिवरांची. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, आणि कित्येक देशी मासे त्यांतच अंडी घालतात. चिनी भाषेत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ यांचा उच्चार एकच, म्हणून सणाला तिथे मासा लागतोच. आपल्या तलावांत देशी मासा किती शिल्लक आहे, याची नोंद ढिवरांकडून आताच घ्यायला हवी.