लिलियन थुराम : दोन गोल आणि एक जुना प्रश्न

#थ्रेड

१/
८ जुलै १९९८. पॅरिसलगतच्या सां-देनी येथे विश्वचषकाचा उपांत्य सामना. उत्तरार्ध सुरू होताच क्रोएशियाच्या दावोर शुकरने गोल केला. मिनिटभरात बरोबरी साधणारा आणि ७०व्या मिनिटाला फ्रान्सला आघाडी मिळवून देणारा खेळाडू एकच होता : उजव्या बगलेचा बचावपटू लिलियन थुराम. देशासाठी तो १४२ सामने खेळला. त्याचे आंतरराष्ट्रीय गोल मात्र दोनच, आणि दोन्ही त्याच रात्रीचे.

२/
थुरामचा जन्म १९७२चा, कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूपचा. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणून राबवलेली ही फ्रेंच वसाहत. गुलामगिरी १८४८ मध्ये संपली. १९४६ मध्ये ही वसाहत फ्रान्सचा प्रांत झाली. नऊ वर्षांचा थुराम पॅरिसजवळ राहायला आला, तेव्हा वर्गातील मुले त्याला कार्टूनमधल्या काळ्या गाईच्या नावाने चिडवत. आपण 'काळे' आहोत, हे तेथे कळल्याचे तो सांगतो.

३/
पुढे मोनॅको, पार्मा, युव्हेंटस, बार्सिलोना. १९९८चा विश्वचषक, २०००चा युरो चषक. फ्रान्सकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा त्याचा विक्रम २०२२ पर्यंत अबाधित होता.

४/
आता या लोकप्रियतेची दुसरी बाजू पाहू. १९९६ मध्ये अतिउजवे नेते ज्याँ-मारी ले पेन यांनी याच संघाला 'कृत्रिम' ठरवले होते. १९९८च्या विजयानंतर 'काळा-गोरा-अरब' अशा एकरूप फ्रान्सचा जयघोष झाला. चारच वर्षांनी ले पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या फेरीत पोहोचले.

५/
२००५ मध्ये उपनगरे पेटली. गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी तेथील तरुणांविषयी तुच्छतादर्शक शब्द वापरला होता. थुरामने जाहीरपणे त्यांचा प्रतिवाद केला. तोही त्याच उपनगरांत वाढला होता.

६/
२००८ मध्ये हृदयदोष आढळल्याने त्याची कारकीर्द थांबली. त्याच वर्षी त्याने वंशवादविरोधी शिक्षणासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. २०११ मध्ये पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात 'मानवी प्राणिसंग्रहालये' या विषयावरील प्रदर्शनाची धुरा त्याने सांभाळली. वसाहतींतील माणसे युरोपात तिकीट लावून दाखवली जात, त्याचा तो इतिहास होता.

७/
हा इतिहास त्याच्या संघापासून दूर नव्हता. १९३१ मध्ये न्यू कॅलेडोनियातील कनाक लोकांना पॅरिसमध्ये 'नरभक्षक' म्हणून मांडण्यात आले. त्यांत ख्रिस्तियन करेम्बोचे पणजोबा होते. हाच करेम्बो १९९८च्या विश्वविजेत्या संघात थुरामचा सहकारी होता.

८/
पणजोबा प्रदर्शनात, पणतू विश्वविजेत्या संघात. मध्ये अंतर ६७ वर्षांचे. हे अंतर एका विजयाने मिटले, असे मानणे सोयीचे होते. थुरामने ती सोय नाकारली. वंशवाद ही माणसाची उपजत वृत्ती नसून इतिहासाने घडवलेली आणि म्हणूनच मोडता येणारी सवय आहे, हे तो आजही शाळाशाळांतून मुलांना सांगतो. गोलांनी मिळालेली कीर्ती त्याने त्यासाठी खर्ची घातली.