बापाच्या नावाची छडी

पोराला पंतोजींच्या हवाली करताना बाप बजावायचा, हवं तेवढं बडवा, पण शहाणं करा. मग निरगुडीचा फोक, अंगठे धरून ओणवं उभं राहणं, उठाबशा. छडी पंतोजींची, मारायचा हक्क मात्र बापाकडून उसना आणलेला. कायद्यातली छडीही याच उसनवारीवर उभी आहे.

1860 साली इंग्लंडात ईस्टबोर्नला थॉमस हॉप्ली या मास्तराने 15 वर्षांच्या विद्यार्थ्याला रात्री दोन-अडीच तास झोडपलं. सकाळी पोर मेलेलं. बापाने आधी लेखी परवानगी दिली होती! हॉप्लीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली, पण न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी नियमही सांगून ठेवला: बापाला आणि त्याने अधिकार दिलेल्या शिक्षकाला माफक, वाजवी मार देता येतो. मास्तर आत गेला, छडी बाहेर राहिली.

त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय दंड संहिता मंजूर झाली. तिचं कलम 89 सांगायचं, 12 वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्भावनेने, पालकाच्या संमतीने केलेली कृती गुन्हा नाही. संमती उघड नसली, गृहीत असली तरी चालायची. कलमात छडीचं नाव नव्हतं. मास्तरांच्या वकिलांचं त्यावाचून कधी अडलंही नाही.

1893 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात पुन्हा बापच आला, पण उलट्या बाजूने. शाळेत ठेवलेला फॉस्फरस मुलांच्या हाती लागला, एक मुलगा भाजला. न्यायालय म्हणालं, दक्ष बाप घेईल तेवढी काळजी मुख्याध्यापकाने घ्यायला हवी होती. हक्क उसना घेतलात, आता घोरही घ्या. या मागोव्यातलं खरं वळण मला हेच वाटतं.

हा घोर आपल्याकडच्या शाळांवरही आला. 1995 मध्ये शाळेच्या सहलीला गेलेली 14 मुलं बियास नदीत बुडाली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी पाच लाखांची भरपाई कायम केली. आणि छडीचं म्हणाल, तर त्याआधीच डिसेंबर 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या 1973 च्या शाळा-नियमांतली छडी रद्द केली होती.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 लागू झालं: शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळही नाही. इथे बापाच्या परवानगीला जागाच नाही. मोडणाऱ्यावर कारवाई मात्र सेवानियमांनुसार, म्हणजे खात्यातल्या खात्यात. जुलै 2024 मध्ये दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, आणि जुनं कलम 89 जवळपास त्याच शब्दांत, 27 क्रमांक लावून, तिच्यात येऊन बसलं.