काळ्या रुपयाला बट्टा का लागावा?

दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये डब्यातून बाहेर निघतात आणि एक प्रश्न हमखास विचारला जातो: रुपया काळा पडलाय, आता त्याची किंमत कमी झाली का? प्रश्न साधा वाटतो. पण आजीकडून आलेले असे दहा-वीस रुपये ही अनेक घरांत अडीअडचणीची पुंजी असते. मी चेन्नईत, मैलापुरात राहते. इथल्या माझ्या ओळखीच्या एका बाईंनी मुलीच्या फीसाठी असे रुपये मोडायला काढले, तेव्हा 'चांदी काळी आहे' म्हणून दुकानात घट लावली गेली. ती घट रास्त होती का? उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

आपल्या भाषेत 'नावाला बट्टा लागला' म्हणतात. हा बट्टा मूळचा सराफाच्या पेढीवरचा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा. पोतदार आणि सराफ नाणं पारखत, वाजवून बघत, कधी त्यावर आपली बारीक खूण ठोकत आणि जेवढं कमी भरेल तेवढा बट्टा कापत. 'खणखणीत नाणं' हा शब्द आला तो तिथूनच. पारख कानाची होती, तराजूची होती, कसोटीची होती. रंग हा संशयाचं निमित्त असे, निकाल नसे.

पण बट्टा नेहमी प्रामाणिक नसे. बंगालमध्ये त्या वर्षाचा ताजा सिक्का रुपया पुऱ्या किमतीला चाले. वर्ष उलटलं की त्याच रुपयाला बट्टा लागे, वजन फारसं घटलेलं नसलं तरी. म्हणजे नाणं जुनं दिसतं एवढ्यावर गरिबाच्या हातून पैसा जाई. हा खेळ थांबवण्यासाठी कंपनीने शेवटी नाण्यावरचं वर्षच गोठवलं: शाह आलमच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. पुढे कित्येक वर्षं तोच आकडा छापला जात होता.

मद्रासची गोष्ट आणखी जवळची. इथल्या इंग्रजांना 1742 मध्ये नवाबाकडून अर्काट रुपया पाडायची परवानगी मिळाली. तरी दक्षिणेत खरा मान होता सोन्याच्या होनाचा, ज्याला इंग्रज पॅगोडा म्हणत. 1818 मध्ये मद्रास इलाख्याने होन बाजूला ठेवून चांदीचा रुपया प्रमाण मानला: वजन 180 ग्रेन, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी. 1 सप्टेंबर 1835 पासून कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, तेव्हा हेच वजन आणि हाच कस घेतला. 180 ग्रेन म्हणजे एक तोळा, आजचे 11.66 ग्रॅम. 'रुपयाभार' हे वजन आपल्या आजीला ठाऊक होतं ते यामुळेच. मैलापूरच्या उत्तरेला जॉर्ज टाउनमध्ये मिंट स्ट्रीट आहे. त्याचं तमिळ नाव तंगसालै. आपल्या टांकसाळीशी त्याचं नातं कानालाच कळतं.

तरी संस्थानांत वेगळी नाणी चालतच राहिली. तंजावरी मराठी घराण्यातले सर टी. माधवराव 1891 मध्ये मैलापुरात वारले. त्यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. त्रावणकोरात चक्रम नावाचं चांदीचं इवलंसं नाणं चाले. साडेअठ्ठावीस चक्रम म्हणजे एक इंग्रजी रुपया. ती इतकी बारीक की मोजायला खळग्यांची लाकडी फळी लागे. बडोद्यात बाबाशाही रुपया. अशा राज्यकारभारात 'हा रुपया कितीचा?' हा रोजचा प्रश्न असे.

आता रंगाकडे येऊ. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. दमट हवा, रबर, लोकर, हलका कागद यांनी तो लवकर येतो. आधी पिवळसर, मग जांभळा, निळा, शेवटी काळा. या रंगछटा थराच्या जाडीमुळे दिसतात. किती चांदी यात गुंतते? ढोबळ हिशेब करू. रुपयाचं सगळं पृष्ठफळ साधारण 17 चौरस सेंटिमीटर. थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा धरला, तर त्यात अडकलेली चांदी जेमतेम एक मिलिग्रॅम होते. रुपयात शुद्ध चांदी आहे सुमारे 10.69 ग्रॅम. म्हणजे दहा हजारात एक भाग! आणि तीही नाण्यावरच असते, कुठे गेलेली नसते. वितळवली की गंधक उडून जातो, चांदी राहते. तेव्हा त्या बाईंना लावलेली घट धातूच्या हिशेबात बसत नाही.

खरी झीज होते ती घासण्याने. आपण चिंच-रांगोळीने घासतो, मैलापुरात विभूतीने घासतात. दरवेळी तो थर चांदीसकट निघून जातो आणि नव्या चांदीवर पुन्हा नवा थर धरतो. शिवाय राणीच्या चेहऱ्यावरचे बारीक उठाव झिजतात. संग्राहक नेमका तिथेच भाव पाडतो. वितळवण्याच्या चांदीला रंगाने फरक पडत नाही, पण संग्राहकाच्या नाण्याला पडतो, तोही दोन्ही बाजूंनी. डागाळलेला, चट्ट्यांचा थर असेल तर किंमत उतरते. सारखी उतरलेली, नैसर्गिक इंद्रधनुषी छटा असेल तर चढते. अमेरिकेच्या टांकसाळीचे मॉर्गन डॉलर कापडी थैल्यांत वर्षानुवर्षं पडून असे रंगले, आणि आज त्यांना जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. म्हणून रसायनं लावून खोटे रंग चढवणारेही निघाले.

मग रुपयाची किंमत कशाने ठरते? आधी साल वाचा. 1835 ते 1939 या सालांच्या रुपयात अकरा-बारांश चांदी. महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि 1940 पासून तिचं प्रमाण निम्म्यावर आलं. वजन तेच, पण शुद्ध चांदी 5.83 ग्रॅम. 1947चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदीच नाही. इंग्रज सरकारच्या 1906च्या नाणे कायद्यातही रुपया बाद करताना ठरावीक मर्यादेपलीकडे वजन घटलं आहे का, तो कापला-खोडला आहे का, हे बघितलं जाई. रंगाने कोणता रुपया बाद झाला नाही.

म्हणून मोडायला जाताना तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा: वजन, कस आणि त्या दिवसाचा भाव. 'काळी आहे' हा चौथा आकडा कोणी पुढे केला, तर तो कशाचा, हे शांतपणे विचारा. ठेवायचेच असतील तर घासू नका. कोरड्या डब्यात ठेवा, रबर बँड लावू नका. आणि एखादा रुपया दुर्मीळ सालाचा वाटला, तर पूजेआधी तो चकचकीत करण्याचा मोह आवरा. लक्ष्मीला काळा रुपयाही चालतो. पुढच्या भागात भेटू.