उशाशी ठेवलेले दोन पेले

म्हातारा कोंबडा साफ करून हाडांसकट खलात घालायचा आणि लोखंडी बत्त्याने कुटायचा. त्यात दोन पौंड गोमांस बारीक करून मिसळायचं. दुसऱ्या पातेल्यात ६ कांदे, ३ गाजरं आणि मूठभर पार्सली लोण्यावर परतायची. त्यावर ६ औंस खडीसाखर, २० ग्रेन अंबर, भाजलेला पाव आणि तीन बाटल्या पाणी घालून पाऊण तास उकळायचं. मग हे पाणी गाळून मांसावर ओतायचं आणि पुन्हा शिजवायचं. ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच न्यायाधीशाने १८२५ साली पॅरिसमध्ये छापलेल्या खाद्यविषयक पुस्तकात ही कृती दिली आहे. एरवी धडधाकट, पण श्रमाने गळून गेलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्यासाठी. त्यातलं अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होणारा सुगंधी पदार्थ. कोकणात अधूनमधून ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या येतात, तोच हा.

त्याच पुस्तकात चॉकलेटची कृती आहे आणि तिच्यातही अंबर आहे. अर्ध्या किलो चॉकलेटमागे ६० ते ७२ ग्रेन. मनाने खचलेल्यांना, रात्ररात्र जागून काम करणाऱ्यांना त्याने हे पेय सुचवलं होतं. एका भांड्यात हाडं, साखर आणि अंबर; दुसऱ्यात कोको, साखर आणि अंबर. दोन्ही गरम प्यायचे, दोन्ही ताकदीसाठी. आज हाडांच्या सुपात कोको घोटून त्याला पौष्टिक हॉट चॉकलेट म्हणणारी मंडळी आहेत, आणि अनेकांना ते ऐकूनच कसंसं होतं. पण हे दोन पेले शतकानुशतकं एकाच आजाऱ्याच्या उशाशी होते. ते वेगळे राहिले, यात चवीइतकाच उपासाचाही वाटा होता.

कोको मूळचा अमेरिकेतला. ग्वाटेमालातल्या रिओ असुल इथल्या माया थडग्यात पाचव्या शतकातलं, फिरवून बसवायच्या झाकणाचं एक भांडं सापडलं. त्याच्या आत चिकटलेला कोकोचा अंश रसायनतज्ज्ञांनी ओळखला. त्या प्रदेशात कोको नुसता पाण्यात घोटून पीत, तसा मक्याच्या पेजेतही घालत. मेक्सिकोत ‘चाम्पुरादो’ नावाची ही दाट, गरम पेज आजही थंडीतल्या सकाळी रस्त्यावर विकली जाते. तिने पोट भरतं ते मक्यामुळे.

स्पेनच्या दरबारात कोको पोचल्याची पहिली नोंद १५४४ ची आहे. केक्ची माया लोकांचं एक शिष्टमंडळ राजपुत्र फिलिपला भेटलं, तेव्हा इतर भेटींबरोबर फेटलेल्या चॉकलेटची भांडीही त्यांनी नेली होती. पुढे हे पेय वैद्यांच्या हाती गेलं. अंतोनियो कोल्मेनेरो दे लेदेस्मा याने १६३१ साली माद्रिदमध्ये चॉकलेटवर छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या कृतीत १०० कोकोचे दाणे, २ मिरच्या, दालचिनी, डझनभर बदाम, तेवढेच हेझलनट आणि अर्धा पौंड साखर आहे. कोको थंड, मसाले उष्ण, दोन्हींचा मेळ घातला की प्रकृतीला मानवतं, असा त्याचा विचार. उष्ण-थंड सांभाळणाऱ्या मराठी घराला हे तर्कशास्त्र समजावून सांगावं लागणार नाही.

एवढं पौष्टिक पेय उपासाला चालतं का? साबुदाणा चालतो, मग अमुक का चालत नाही, हा वाद आपल्याकडे आषाढी-कार्तिकीला होतो. सतराव्या शतकातल्या कॅथलिक युरोपात तो चॉकलेटवरून झाला आणि त्यावर पुस्तकं निघाली. अंतोनियो दे लेऑन पिनेलो याने १६३६ मध्ये याच प्रश्नावर जाडजूड ग्रंथ लिहिला. १६६४ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी चॉकलेट हे पेय आहे आणि पेयाने उपास मोडत नाही, अशी बाजू मांडली. मांसाच्या रश्श्याला ही सवलत मिळणं शक्य नव्हतं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मांस निषिद्ध, तसा त्याचा अर्कही निषिद्ध. ज्या दिवशी रस्सा बंद, त्या दिवशी चॉकलेटचा आधार. अशी वाटणी पडल्यावर दोन्ही एका पातेल्यात कोण घालणार?

या वादाचं एक टोक मेक्सिकोतल्या चिआपा रिआल, म्हणजे आजच्या सान क्रिस्तोबाल दे लास कासास या गावात दिसलं. टॉमस गेज या इंग्रज धर्मगुरूने १६४८ च्या पुस्तकात ते लिहून ठेवलंय. तिथल्या बड्या घरच्या बायकांचं म्हणणं, आमचं पोट नाजूक. गरम चॉकलेट घेतल्याशिवाय लांबलचक प्रार्थनेला बसवत नाही. मग भर प्रार्थनेत दासी पेले घेऊन यायच्या. बिशपने बहिष्काराची नोटीस लावली. बायकांनी त्याच्या देवळात येणंच सोडलं आणि त्या मठांच्या देवळांत जाऊ लागल्या. काही काळाने बिशप आजारी पडून वारला. त्याला चॉकलेटमधूनच विष दिलं, अशी गावात बोलवा होती, असं गेज सांगतो. विष खरं की खोटं, तो भाग निराळा. अशक्तपणाचं कारण पुढे करून देवळात पेला नेता येतो, हे मात्र त्या बायकांनी दाखवून दिलं.

हाडांच्या सुपाचा रस्ता वेगळा होता. त्यात धर्मापेक्षा गरिबीचा प्रश्न मोठा होता. हाडं कसायाकडे फुकटात मिळत. त्यातून अन्न काढता आलं तर भुकेल्यांचं भागेल, ही आशा. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला घट्ट झाकणाचं, वाफ कोंडणारं एक भांडं दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून जादा वाफ सोडणारी झडपही त्याने पुढे बसवली. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ही तिचीच वंशज. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीची मंडळी या भांड्यातलं जेवण जेवली. जॉन इव्हलिनने रोजनिशीत लिहिलंय, की गाई-मेंढ्यांची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती आणि कोळसा आठ औंससुद्धा लागला नव्हता. हाडांपासून केलेल्या जेलीइतकी स्वच्छ आणि रुचकर जेली आपण कधी खाल्ली नव्हती, असंही तो म्हणतो.

जेली रुचकर असेलही. ती माणसाला जगवते का, हे तपासायला दीडशे वर्षं गेली. दरम्यान पॅरिसमध्ये १७६० च्या दशकात अशक्त गिऱ्हाइकांना दाट रस्सा पाजणारी दुकानं निघाली. आजच्या रेस्टॉरंटांची सुरुवात तीच. श्रीमंतांना हा रस्सा आणि गरिबांना हाडांतलं जिलेटिन. रसायनतज्ज्ञ दार्से याने हाडांतून मोठ्या प्रमाणावर जिलेटिन काढायची रीत बसवली आणि पॅरिसच्या हॉस्पिटलांत त्याचं सूप वाटलं जाऊ लागलं. तक्रारी आल्या, तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीने फ्राँस्वा माजाँदी यांच्या प्रमुखत्वाखाली आयोग नेमला. १८४१ च्या अहवालात निकाल होता: नुसत्या जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे खंगून मेले. ज्यांच्या ताटात दुसरं काही नव्हतं, अशा रुग्णांना तोवर वर्षानुवर्षं हे सूप पाजलं गेलं होतं. पौष्टिक हा शब्द सैलपणे वापरल्याची किंमत असेच लोक मोजतात, ज्यांना ताटातलं बदलून मागता येत नाही.

दोन्ही पेल्यांची एकत्र झाडाझडती घेतली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. शुश्रूषेवरचं त्यांचं पुस्तक १८५९ च्या अखेरीस आलं. मांसाचं सूप आटवून बघा, त्या सांगतात; पेलाभर पाण्यात जेमतेम चमचाभर ऐवज निघेल. तरीही त्याने आजाऱ्याला हुशारी येते, हे त्या नाकारत नाहीत. चहा-कॉफीऐवजी कोको देण्याची शिफारस त्यांना अजिबात पटत नव्हती. त्यांच्या लेखी ते तेलकट, पिठूळ बी होतं. चरबी वाढवेल, तरतरी देणार नाही. कोकोतली निम्मी चरबी काढून टाकणारं दाबयंत्र व्हॅन हाउटेन यांनी नेदरलँड्समध्ये १८२८ सालीच आणलं होतं, पण इंग्लंडच्या बाजारात पीठ मिसळलेला कोकोच सर्रास होता. कॅडबरीने चरबी काढलेला, भेसळ नसलेला कोको १८६६ मध्ये आणला आणि शुद्धतेच्याच नावावर विकला.

कुत्रे का मेले, याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं. फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी १९०१ मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळं काढलं. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, हेही पुढे स्पष्ट झालं. जिलेटिनमध्ये ते नसतंच. हाडांच्या सुपातून भरपूर कॅल्शियम मिळतं, ही समजूतही टिकली नाही. मॅक्कान्स, शेल्डन आणि विडोसन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलात लहान मुलांसाठी होणारं हाडं-भाज्यांचं सूप तपासलं, तेव्हा दुधापुढे त्यातलं कॅल्शियम अगदीच किरकोळ निघालं.

महाराष्ट्रात हे दोन पेले वेगवेगळ्या वाटांनी आले. मटण शिजलं की तिखट-मसाला पडण्याआधी काढून ठेवलेलं अळणी आजाऱ्याला आणि लहान मुलांना. हाड मोडलं की पायाचं सूप. कोको आला डब्यातून. कॅडबरीने मुंबईत १९४८ मध्ये व्यवसाय सुरू केला, आणि बोर्नव्हिटाने दुधाला चव देता देता ताकदीचं आश्वासनही घरोघर नेलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही.

सुपातलं हॉट चॉकलेट या सगळ्या हिशेबावर कसाला लावता येतं. त्यासाठी हाडं कांदा-लसूण न घालता मंद आचेवर तासन्‌तास उकळतात आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवतात. सकाळी वर चरबीचा पांढरा थर येतो. तो काढला की खाली थरथरणारी जेली. ती गरम केली की पातळ होते, पण ओठांना किंचित चिकटते आणि कोकोला रवीने घुसळलं तर फेस धरून ठेवते. कोको आधी चमचाभर सुपात कालवावा लागतो, नाहीतर गुठळ्या राहतात. मग गूळ, वेलची किंवा दालचिनी. यात निम्मं दूध घातलं तर जिलेटिनची उणीव दुधातली प्रथिनं भरून काढतात आणि कॅल्शियमही येतं. नुसत्या सुपात केलं, तर चमचाभर कोकोतून ती भरून निघण्याइतकं काही मिळत नाही.