रामसामी, तिरुमलाचारी

रामसामी, तिरुमलाचारी : (१९४८ – ). भारतीय रसायनशास्त्रज्ञ, चर्मतंत्रज्ञ आणि विज्ञान-प्रशासक. अभिक्रियांची गती आणि घडण हा त्यांचा मूळ विषय. क्रोमियम हा त्यांचा आवडता धातू. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे (सीएलआरआय) संचालक (१९९६–२००६) आणि केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव (२००६–१४). रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९९३), पद्मश्री (२००१) व पद्मभूषण (२०१४) या सन्मानांचे मानकरी.

त्यांची नोंद दक्षिण महाराष्ट्राच्या वाचकाने वाचावी, याला कारण आहे. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले आहे त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे महाराष्ट्राचे चार जिल्हे येतात. कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार. या पट्ट्यात कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाने आणि चपला, जोडे, मोटा शिवण्याचे काम चांभारांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. शेतीला पाणी देणारी मोट त्यांच्याच हातची. त्या मोटेचे पाणी सगळ्या गावाला चाले, कारागिराचा हात मात्र चालत नसे. कातड्याचे रसायन हे वास्तविक प्रथिनांचे, म्हणजे सजीवांच्या घडणीचे रसायन. तरीही विटाळाच्या कल्पनेमुळे आपल्याकडच्या सुशिक्षितांनी ते फार काळ अभ्यासायोग्य मानले नाही. वर्ध्याजवळ नालवाडीत चर्मालय चालवणारे गोपाळराव वाळुंजकर यांच्यासारखे अपवाद थोडे. रामसामींनी आयुष्याची उमेदीची वर्षे याच विषयाला दिली, आणि पुढे देशाच्या विज्ञान खात्याचा कारभार पाहिला.

शिक्षण आणि परदेशातील काम. मद्रास विद्यापीठातून चर्मतंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन रामसामी इंग्लंडला लीड्स विद्यापीठात गेले. चर्मशास्त्राच्या इतिहासात लीड्सला मान आहे. हेन्री रिचर्डसन प्रॉक्टर यांनी १८९१ पासून तेथे चर्मोद्योगाचे शिक्षण उभे केले. आम्लात टाकलेले कातडे का फुगते आणि मीठ घातले की ती फूग का बसते, याचा उलगडा प्रॉक्टर आणि त्यांचे सहकारी जॉन आर्थर विल्सन यांनी १९१६ मध्ये डोनान यांच्या समतोलाच्या नियमाने केला. कमावणाऱ्याच्या हौदातली नेहमीची गोष्ट त्यांनी समीकरणात बसवली. कातड्यातल्या भौतिक रसायनाची पायाभरणी येथे झाली, असे म्हणायला हरकत नाही.

रामसामींनी लीड्सला ए. जी. साइक्स यांच्याबरोबर क्रोमियमच्या संयुगांचा अभ्यास केला. त्यानंतर अमेरिकेत आयोवाच्या एम्स प्रयोगशाळेत आणि वेन स्टेट विद्यापीठात त्यांनी काम केले. वेन स्टेटमधले त्यांचे काम एका धातूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन कसा जातो, या शुद्ध सैद्धांतिक वळणाच्या प्रश्नावर होते. अशा विषयात परदेशी विद्यापीठात स्थिरावणे शक्य असताना १९८०च्या दशकात ते मद्रासला सीएलआरआयमध्ये परतले. ते १९४८ साली जन्मले. या संस्थेची कोनशिलाही त्याच वर्षी, २४ एप्रिल रोजी, अड्यारला बसली होती.

क्रोमियमचा प्रश्न. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन. तीन पेडांचा दोर वळावा तशी त्याच्या रेणूची रचना असते. ती रचना गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मद्रासलाच मांडली, आणि त्यासाठी कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधातले कोलॅजेन त्यांना सीएलआरआयमधून मिळाले होते. कातडे कमावणे म्हणजे या दोराचे पेड एकमेकांना असे बांधणे की पाण्याने ते कुजू नयेत आणि उष्णतेने आकसू नयेत. कच्चे कातडे ओले असताना साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते. झाडाच्या सालीने कमावलेले ७० ते ८५ अंशांपर्यंत टिकते. क्रोमियमने कमावलेले उकळत्या पाण्यातही तग धरते. सालीच्या कामाला आठवडे लागतात, क्रोमियमचे काम दिवसाभरात उरकते. त्यामुळे जगभर बहुतेक चामडे आता क्रोमियमनेच कमावले जाते.

भारतात ही पद्धत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास मद्रासला आणली. त्यांच्या प्रयोगांचा एक मोठा हेतू विहिरीवरच्या मोटांना टिकाऊ चामडे मिळवून देणे हा होता. ज्यांनी मोटेवर शेत भिजवले त्या घरांना ही गोष्ट ठाऊक असावी.

आता अडचण. क्रोमियम हा हळू चालणारा धातू आहे. पाण्यात त्याच्या त्रिसंयुजी आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात. त्यातला एक सुटून दुसरा त्याच्या जागी यायला सामान्य तापमानात काही दिवस जातात. तांब्याच्या आयनाभोवती हीच अदलाबदल सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात होते. म्हणून क्रोमियम एकदा कोलॅजेनच्या आम्लगटांना जोडले गेले की सहसा सुटत नाही. चामडे टिकते ते याच गुणामुळे. पण हाच संथपणा जोडणीच्या वेळी आड येतो. कारखान्यात आधी सामू तीनच्या आसपास ठेवतात, म्हणजे आम्लगट क्रोमियमला धरत नाहीत आणि ते कातड्याच्या आतपर्यंत झिरपते. मग हळूहळू सामू चारच्या जवळ आणतात, म्हणजे झिरपलेले क्रोमियम धरले जाते. आधी आत जाऊ द्यायचे, मग पकडायचे. एवढे सांभाळूनही जुन्या पद्धतीत घातलेल्या क्रोमियमपैकी साधारण ६० ते ७० टक्केच कातड्यात राहते. उरलेले सांडपाण्यातून ओढ्यात आणि नदीत.

रामसामी आणि त्यांचे सहकारी (बालचंद्रन उन्नी नायर, जे. राघव राव, पुढे संस्थेचे संचालक झालेले के. जे. श्रीराम) यांनी या उरलेल्या भागाचा पिच्छा पुरवला. कमावण्याच्या द्रावणात क्रोमियम एकाच रूपात नसते: सुटे आयन असतात, दोन-तीन अणू जोडलेले असतात, त्याहून मोठे पुंजकेही असतात. त्यांतले काही कातड्याला चटकन धरतात, काही जवळजवळ धरतच नाहीत. न धरणारी रूपे ओळखायची, द्रावण बनवतानाच ती कमी करायची, ॲल्युमिनियमची जोड द्यायची, आणि तरीही वाहून जाणारे क्रोमियम गाळून पुन्हा वापरायचे, अशी या कामाची दिशा होती. सीएलआरआयने तयार केलेले अल्क्रोटान हे क्रोमियम-ॲल्युमिनियमचे मिश्रण याच विचारातून आले. चामड्याचे शास्त्र म्हणजे कारखान्याच्या अडचणींवर तोडगे काढणे, हा समज या कामाने खोडला. येथे आयनाच्या मांडणीतल्या सूक्ष्म फरकाचा निकाल नदीच्या पाण्यात दिसतो. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी आणि षट्‌संयुजी घातक, हा भेदही आयनाच्या अवस्थेचाच आहे. त्यामुळे चामड्यात किंवा गाळात पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होऊ न देणे हेही चर्मरसायनज्ञाचे काम ठरते. या लेखकाच्या मते रामसामींचा खरा वारसा प्रयोगशाळेतल्या या कामातच आहे. नंतरची मोठी पदे त्यावर उभी आहेत.

संचालक असताना. ते संचालक झाले ते वर्षच कसोटीचे होते. तमिळनाडूतील पालार नदीचे खोरे चर्मालयांच्या सांडपाण्याने नासले होते. शेते खारावली, विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. वेल्लोरच्या नागरिकांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल दिला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी आणि हानीची शंका असेल तेथे आधीच काळजी घ्यावी, ही दोन तत्त्वे त्या निकालाने भारतीय कायद्यात रुजवली. न्यायालयाने ज्यांच्या पाहणीचा आधार घेतला ती संस्था नागपूरची, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी). निकालाआधीच शेकडो चर्मालये आदेशाने बंद पडली होती. सांडपाणी शुद्ध करण्याची सोय केल्याशिवाय ती उघडता येणार नव्हती, आणि मालकांपैकी बहुतेक लहान होते. एकीकडे पाणी गमावलेले शेतकरी, दुसरीकडे काम गमावलेले मजूर. सीएलआरआयने कारखान्यांच्या आत जाऊन प्रक्रिया बदलण्याचे आणि सामायिक शुद्धीकरण केंद्रांना तांत्रिक साहाय्य देण्याचे काम हाती घेतले. नळाच्या टोकाशी शुद्धीकरण करण्यापेक्षा कातडे कमावण्याच्या ड्रममध्येच कमी रसायन वापरणे, हा रामसामींचा आग्रह त्यांच्या जुन्या प्रयोगांशी सुसंगत होता. मिठाचा प्रश्न मात्र क्रोमियमहून चिवट निघाला. कातडे टिकवायला त्याच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत मीठ लावतात. क्रोमियम गाळून काढता येते, पाण्यात विरघळलेले मीठ सहजी काढता येत नाही. पालार खोऱ्यातल्या जमिनी अजून त्याची किंमत मोजत आहेत.

ते संचालक होण्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, चर्मतंत्रज्ञानाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले होते. मोठ्या कारखान्यांखेरीज गावातल्या कारागिरापर्यंत तंत्र पोहोचवणे हेही त्यात होते.

विज्ञान व तंत्रज्ञान विभाग. मे २००६ मध्ये ते दिल्लीत सचिव झाले. त्यांच्या काळातल्या उपक्रमांत ‘इन्स्पायर’ (२००८) सर्वांत दूरवर पोहोचला. सहावी ते दहावीच्या दहा लाख मुलांना विज्ञानाचा प्रकल्प करण्यासाठी प्रत्येकी ५,००० रुपये, बारावीला वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती, पुढे पीएच. डी.साठी पाठ्यवृत्ती आणि तरुण संशोधकांसाठी अध्यापकपद, अशी ती शिडी होती. अभियांत्रिकी आणि वैद्यकाच्या ओढीत मूलभूत विज्ञान ओस पडू नये, हा हेतू. ५,००० रुपये ही रक्कम लहान वाटेल. पण प्रयोगशाळेच्या कपाटाला वर्षभर कुलूप असलेल्या गावच्या शाळेत एखाद्या मुलीने आपल्या नावाच्या पैशांतून पाण्याचे शुद्धीकरण यंत्र जोडणे ही लहान गोष्ट नव्हे. महिला विद्यापीठांच्या प्रयोगशाळा उभारण्यासाठी ‘क्युरी’ योजना आली. तिचा लाभ मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठालाही झाला. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचा २००८ चा कायदा आणि २०१३ चे विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष धोरण हेही याच काळातले. २०१४ मध्ये ते निवृत्त झाले.

क्रोमियमचे सालीच्या पद्धतीशी नाते. क्रोमियम आल्यावर सालीची पद्धत मागासलेली ठरवली गेली. क्रोमियमचे दुष्परिणाम कळल्यावर तिच्याकडे पुन्हा आदराने पाहिले जाऊ लागले. कोल्हापुरी चपलेचे चामडे आजही परंपरेने क्रोमियमविना कमावतात. आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात, मग बाभळीची साल आणि हिरडा. हिरडा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून येतो, बाभूळ पूर्वेकडच्या रानात मिळते. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर–कोरेगावसारख्या कोरड्या माळांवर उगवणारा पिवळ्या फुलांचा तरवड हाही मूळचा कमावणाऱ्याचा. मद्रासकडच्या चर्मालयांनी त्याचीच साल, आवारम या नावाने, पिढ्यान्‌पिढ्या वापरली. सालीतले टॅनिन कोलॅजेनच्या पेडांना हायड्रोजनच्या बंधांनी धरते. एकेक बंध सैल, पण असंख्य. म्हणून असे चामडे जाड, ताठ आणि तळव्याला योग्य होते.

या पद्धतीत अर्धवट कमावलेल्या कातड्याची पिशवी शिवतात, ती उंच टांगतात आणि तिच्यात साल भरून अर्क ओततात. कातड्यातून झिरपून अर्क खालच्या भांड्यात थेंबथेंब पडतो. तो तिथेच सोडून देत नाहीत. भांडे भरले की उचलून पुन्हा पिशवीत ओततात, आणि कातड्याचा रंग आतपर्यंत सारखा उतरेपर्यंत हे दिवसातून कितीदा तरी चालते.