शिरूरच्या मुलींचे मत

१/ फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या अनेक मुली व तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते असे की, पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही.

२/ महिला संघटनांनी आवाज उठवला. पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. मात्र ज्यांच्या देहाचा निर्णय होता, त्यांचे मत त्यात कोठेच नव्हते.

३/ ज्याला बोलता येत नाही त्याला मत नसते, हे यामागचे गृहीतक. वस्तुतः ताट दूर सारणे, तोंड फिरवणे, ओळखीचा हात घट्ट धरणे हेही होकार-नकारच. ते ओळखण्यास सहवास लागतो.

४/ संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील कलम १२ ने दृष्टी बदलली : व्यक्तीच्या वतीने निर्णय घेऊ नये, तिला निर्णयासाठी साहाय्य करावे. भारताने २००७ मध्ये करारास मान्यता दिली.

५/ २००९. चंदीगडच्या शासकीय संस्थेतील अशाच एका गर्भवती तरुणीला मूल हवे होते. उच्च न्यायालयाचा गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रोखला. तिच्या संमतीविना तो करता येणार नव्हता.

६/ दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने ‘मर्यादित पालकत्व’ आणले : पालक व व्यक्ती यांनी परस्परविश्वासाने मिळून निर्णय घ्यावा. संवादाच्या व्याख्येत पर्यायी मार्गांनाही स्थान मिळाले.

७/ तरीही खुणेचा अर्थ लावणारा माणूसच असतो. त्याला तीत स्वतःची सोय दिसू शकते. म्हणून तो अर्थ अनेक परिचितांनी पडताळावा, लिहून ठेवावा. शिरूरच्या मुलींच्या बाबतीत तर प्रश्नच विचारला गेला नव्हता.