बास्केटबॉल : बंदिस्त जागेत जन्मलेला खेळ

बास्केटबॉल हा प्रत्येकी पाच खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा खेळ आहे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ या मूळच्या कॅनडाच्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये तो तयार केला. हिवाळ्यात मैदानी खेळ बंद पडत आणि व्यायामशाळेतील कवायतींना विद्यार्थी कंटाळत. नाइस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता. आजही बास्केटची उंची तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे.

चार भिंतींच्या आत चेंडू घेऊन धावल्यास धडका बसणार, म्हणून तसे धावण्यास मनाई करण्यात आली. लक्ष्य उंच आणि आडवे ठेवल्याने ताकदीपेक्षा नेमकेपणाला महत्त्व आले. टप्पे देत चेंडू पुढे नेण्याचे कौशल्य, म्हणजे ड्रिब्लिंग, नंतर विकसित झाले. आरंभी टोपलीला तळ होता. गोल झाला की शिडी लावून चेंडू काढावा लागे!

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांत होतो. चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटकडे फेक करावी लागते. बास्केटला दोन गुण, ६.७५ मीटरच्या कमानीबाहेरून तीन आणि फ्री थ्रोला एक गुण मिळतो. पाच फाउल झालेला खेळाडू बाद होतो. सामना बरोबरीत सुटत नाही. पाच मिनिटांचा जादा वेळ दिला जातो.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची स्पर्धा १९३६ मध्ये, तर महिलांची १९७६ मध्ये सुरू झाली. भारतीय पुरुष संघ १९८० मध्ये मॉस्कोत खेळला.

क्रिकेटवेड्या मुंबईत या खेळाचे माहेरघर म्हणजे नागपाडा. या दाट वस्तीत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस ही समाजसेवी संस्था उभारली. मोठ्या मैदानाला जागा नसलेल्या या भागात बास्केटबॉल रुजला. येथील गुलाम अब्बास मुंतसिर यांनी भारताचे कर्णधारपद भूषविले; १९७० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. सामान्य कुटुंबांतील मुलांना या खेळाने आणखी एक वाट दाखविली: रेल्वेसारख्या खात्यांत खेळाडू म्हणून मिळणारी कायमची नोकरी.